दोन टनांचे चुंबक

विद्यापीठात मास स्पेक्ट्रोमीटर घ्यायचा म्हटले की पहिली चर्चा कोटेशनची होते. कोणती कंपनी, किती कोटी, वातानुकूलित खोली कुठे. मी रसायनशास्त्र शिकवले आणि अशा समित्यांवर बसलो, म्हणून हे ठाऊक आहे. या यंत्राचे सुरुवातीचे दिवस मात्र फार वेगळे होते.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. पदार्थाचे अणू विद्युतभारित करायचे, पळवायचे आणि चुंबकाने वळवायचे. हलका अणू जास्त वळतो, जड कमी. एकाच मूलद्रव्याचे हलके-जड भाऊ, म्हणजे समस्थानिक, असे वेगळे करता येतात. केंब्रिजच्या फ्रान्सिस ॲस्टनला या कामासाठी १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण विद्यापीठांच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतील अल्फ्रेड नीर. मिनेसोटा विद्यापीठात तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकला. मंदीच्या काळात इंजिनिअरला नोकरी कुठली? तो भौतिकशास्त्राकडे वळला. पुढे हार्वर्डला त्याने जे यंत्र उभारले त्याचे चुंबकच दोन टनांचे होते. त्यावर त्याने दाखवून दिले की, निसर्गातल्या युरेनियममध्ये १३९ जड अणूंमागे हलका, २३५ वजनाचा अणू एखादाच असतो.

१९३८ मध्ये तो मिनेसोटाला परतला. युरेनियम फुटतो हे लवकरच कळले. फुटतो तो कोणता, यावर वाद होता. एन्रिको फर्मीने नीरला गळ घातली. २९ फेब्रुवारी १९४० रोजी नीरने दोन्ही समस्थानिक वेगळे केले. मिळालेला अंश डोळ्यांना धड दिसणारही नाही इतका. तो त्याने हाताने लिहिलेल्या पत्राच्या समासात चिकटवला आणि हवाई टपालाने न्यूयॉर्कला धाडला! कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन डनिंग आणि सहकाऱ्यांनी तपासले: मंद न्यूट्रॉनने फुटतो तो २३५. या उत्तरातून पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी नीरने आणखी एक गोष्ट केली, तिचा गाजावाजा झाला नाही. जुन्या पद्धतीत सगळी नळी चुंबकाच्या पोटात असे. नीरने फक्त वळणाचा, ६० अंशांचा भाग चुंबकात ठेवला. चुंबक लहान झाले, खर्च उतरला. साध्या प्रयोगशाळेला यंत्र परवडू लागले. नीरचा विद्यार्थी मार्क इंग्रॅम शिकागोला गेला आणि त्याच्या हाताखाली जॉन रेनॉल्ड्स तयार झाला. रेनॉल्ड्सने बर्कलेला स्वतःचे काचेचे यंत्र बांधून उल्केतला झेनॉन मोजला. क्लेअर पॅटरसनने पृथ्वीचे वय काढले तेही इंग्रॅमच्या यंत्रावर घेतलेल्या मोजमापांवरून: ४५५ कोटी वर्षे. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आकडा आजही जवळपास तसाच आहे. यांतल्या कुणी यंत्र नुसते बटण दाबून चालवले नव्हते.

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ही यंत्रे देशातच घडवली. विद्यापीठांचे मात्र परकीय चलनापाशी अडे. म्हणून १९७० च्या दशकात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने महागड्या उपकरणांची प्रादेशिक केंद्रे काढली. एक पवईच्या आयआयटीत आले. माझे विद्यार्थी छोट्या बाटलीत नमुना घेऊन मुंबईला जात आणि आलेखाची गुंडाळी घेऊन परतत. या सोयीने कितीतरी प्रबंध पुरे झाले, तिला नावे ठेवणार नाही. पण मुलांना यंत्र दिसे ते काचेपलीकडून.

पुढे विभागांना स्वतःची यंत्रे मिळू लागली. खरेदीला पैसे मिळत, देखभालीला नाही. एका ठिकाणी निर्वात पंप बिघडला म्हणून यंत्र तीन वर्षे चादरीखाली होते. समितीत मी दरवेळी विचारी, फिलामेंट बदलायला एम.एस्सी.च्या मुलांना देणार का? उत्तर ठरलेले असे: मग वॉरंटी जाते.