श्रोत्याचे स्थान : वऱ्हाडातील कीर्तन आणि घरगुती सराऊंड ध्वनी

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. फोनोग्राफ, ग्रामोफोन, टेप, कॅसेट, सीडी असा क्रम लावला की विषय पूर्ण झाला असे मानले जाते. या क्रमात ऐकणारा माणूस कोठे बसला होता, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. अलीकडे काही हौशी व सधन घरांतून श्रोत्याच्या चहूबाजूंनी आणि डोक्यावरूनही संगीत ऐकविणाऱ्या महागड्या यंत्रणा बसविल्या जातात. श्रोता संगीताच्या मध्यभागी आणून बसविला, असा या यंत्रणांचा दावा असतो. हा दावा वऱ्हाडच्या भूमीवरून तपासणे उद्बोधक ठरते. कारण येथील श्रोता कोणतेही यंत्र येण्यापूर्वीच ध्वनीच्या मध्यभागी बसत आला आहे.

कीर्तनातील श्रोता :

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुका हा पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा भाग. याच तालुक्यात पूर्णाकाठी ऋणमोचन हे तीर्थस्थान आहे. संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) सार्वजनिक कार्याचा आरंभ येथूनच झाला. १९०८ मध्ये त्यांनी येथे नदीवर घाट बांधविला. घाट, धर्मशाळा आणि हातातील खराटा यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. मात्र त्यांच्या कीर्तनाचा ध्वनी म्हणून विचार फारसा झालेला नाही.

वारकरी कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागे अर्धवर्तुळात उभे राहतात, ध्रुपद धरतात. श्रोते पुढे बसतात. गाडगेबाबांनी ही मांडणी मोडली नाही, पण तिचा तोल श्रोत्यांकडे झुकविला. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि जमाव उत्तर देई. उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नसे. मधूनच गोपाळनामाचा गजर सुरू होई आणि तो सर्व बाजूंनी उठे. अशा कीर्तनात मध्यभागी बसलेल्या शेतकऱ्याला बाबांचा आवाज समोरून, शेजाऱ्याचे उत्तर कानाजवळून आणि मागील रांगांचा होकार किंचित उशिराने पाठीमागून ऐकू येत असे. शिवाय त्यात त्याचा स्वतःचाही आवाज मिसळलेला असे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनाने आणि सामुदायिक प्रार्थनेने हीच सवय अधिक शिस्तबद्ध केली. श्रोता ध्वनीने वेढलेला होता, कारण तो वेढा घालणाऱ्यांपैकीच एक होता.

एका बिंदूतून येणारा आवाज :

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग याने कोलकात्यात गौहर जान हिचे ध्वनिमुद्रण केले आणि भारतीय संगीत तबकडीवर आले. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक व साथीदार एका कर्ण्यासमोर दाटीने बसत. ऐकतानाही सारे संगीत एकाच कर्ण्यातून बाहेर पडे. १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर वऱ्हाडातील घरांत रेडिओचा आवाज वाढला, पण तोही एका पेटीतूनच येणारा. तीन मिनिटांच्या मर्यादेने गायकीचे काय केले यावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली आहे. एका बिंदूतून येणाऱ्या आवाजाने समूहगायनाचे काय केले, ही चर्चा मात्र झाली नाही. एकट्या गायकाचे गाणे या बिंदूत बऱ्यापैकी मावते. हजारोंचा गजर त्यात शिरला की नुसता गोंगाट होतो.

स्टिरिओपासून ॲटमॉसपर्यंत :

ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये द्विमार्गी, म्हणजेच स्टिरिओ, ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावरील नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, पण त्याचा आवाज जागचा हलत नाही, ही गोष्ट त्याला खटकली होती, असे सांगितले जाते. बाजारात स्टिरिओ तबकड्या यायला मात्र १९५८ उजाडले. आपल्याकडे सामान्य प्रेक्षकाला बहुमार्गी ध्वनीची चव लागली ती चित्रपटगृहात. १९७५ च्या 'शोले'ची ७० मिमी प्रत स्टिरिओ ध्वनीसह दाखविली गेली आणि नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खाली वाकून पाहत, ही आख्यायिका अजून सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, आवाजाला जागा असते हे लोकांच्या ध्यानात आल्याची ती खूण आहे.

त्याच दशकात पाश्चात्त्य देशांत चार स्पीकरांची क्वाड्राफोनिक पद्धत घरात आणण्याचा प्रयत्न झाला. परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक पद्धती एकाच वेळी विक्रीस आल्याने तो फसला. पुढे डीव्हीडीबरोबर ५.१ पद्धत आली आणि 'होम थिएटर' हा शब्द मराठी घरांत रुळला. २०१२ मध्ये डॉल्बी ॲटमॉस चित्रपटगृहांत आले आणि जून २०२१ पासून ॲपल म्युझिकसारख्या सेवांवर त्या पद्धतीचे संगीत घरोघरी उपलब्ध झाले. यात प्रत्येक आवाज विशिष्ट स्पीकरसाठी ठरवून न देता त्याचे अवकाशातील स्थान नोंदविता येते. तो कोणत्या स्पीकरमधून किती वाजवायचा, हे घरातील यंत्र ठरविते. (रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचा पहिला शोध टेपवरील खरखर कमी करण्याचा होता. पश्चिम महाराष्ट्रात मात्र 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीत भिंती हादरविणारा ध्वनी! आडनावाची अशी विटंबना विरळाच.)

या साऱ्या प्रगतीत एक गोष्ट बदलली नाही. स्टिरिओत दोन स्पीकर आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण होतो. ५.१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत पुढील दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागील दोन १०० ते १२० अंशांवर सांगितले आहेत. हे कोन एकाच आसनापासून मोजलेले असतात. स्पीकर वाढले तरी सर्वांत योग्य आसन एकच राहिले. शेजारी बसलेल्या घरच्या माणसाला थोडे कमी योग्य ऐकावे लागते. मैफलीच्या सराऊंड ध्वनिमुद्रणात श्रोत्यांना बहुधा मागील स्पीकरांत जागा मिळते, आणि तीही टाळ्यांपुरती. गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोत्यांचा आवाज ही दाद नव्हती. ती संहितेची अर्धी बाजू होती.

घराची खोली :

यंत्रणा कितीही मोलाची असली तरी तिचा अर्धा परिणाम खोली ठरविते. वॉलेस सॅबाइन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की, खोलीतील घुमण्याचा काळ तिच्या आकारमानाबरोबर वाढतो आणि ध्वनी शोषून घेणाऱ्या पृष्ठभागांबरोबर घटतो. वऱ्हाडातील मातीच्या भिंती, सारवलेली जमीन आणि कवेलूंचे छप्पर असलेल्या घरात आवाज लवकर विरे. सिमेंटचा स्लॅब, फरशी व गिलाव्याच्या भिंती आल्या आणि घरे घुमू लागली. गंमत अशी की, छताकडे आवाज फेकून तो वरून परतविणाऱ्या ॲटमॉस स्पीकरांना हाच सपाट स्लॅब उपयोगी पडतो. कवेलूंच्या उतरत्या छपराखाली ते नीट काम करणार नाहीत. घुमणे आवरायला कापसाची गादी वा गोधडी भिंतीशी टांगली तरी उंच स्वर बऱ्यापैकी शोषले जातात. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाला हे सांगायला नको. खर्जाचे मात्र तसे नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते, तिला गोधडी पुरी पडत नाही.

१९५६ ची टेप :

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत बांद्रा पोलीस ठाण्याच्या आवारात गाडगेबाबांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबर रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचे निधन झाले. या ध्वनिमुद्रणाचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. तथापि ते एकमार्गी आहे. बाबांचा प्रश्न आणि लोकांचे उत्तर एकाच बिंदूतून ऐकू येतात.

२०२१ च्या 'गेट बॅक' या माहितीपटासाठी पीटर जॅक्सन यांच्या चमूने बीटल्सच्या जुन्या एकमार्गी टेपमधून आवाज व वाद्ये संगणकाच्या साहाय्याने वेगळी केली. उद्या हेच तंत्र बांद्र्याच्या टेपवर वापरून बाबांना समोर आणि जमावाला भोवती बसविणे कठीण राहणार नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटाही येईल. परंतु कोणता होकार डावीकडून आला आणि कोणता शेवटच्या रांगेतून, हे टेपवर नोंदले गेलेलेच नाही. ते अभियंत्याला कल्पनेने भरावे लागेल. असे ध्वनिमुद्रण तयार झाल्यास त्यावर 'पुनर्रचित' असे स्पष्ट लिहिले गेले पाहिजे आणि मूळ टेपची प्रत त्यासोबत अभ्यासकांना उपलब्ध राहिली पाहिजे.

अधिक निकडीचा प्रश्न आजचा आहे. कीर्तने व खंजिरी भजने आता मोठ्या संख्येने चित्रित होतात, पण पुष्कळदा ध्वनी थेट मंचावरील मायक्रोफोनमधून मिक्सरमार्फत घेतला जातो. त्यामुळे १९५६ च्या टेपवर जमाव निदान गर्दी म्हणून तरी ऐकू येतो, तेवढाही या स्वच्छ ध्वनिमुद्रणांत येत नाही. चार दिशांचा ध्वनी एकत्र टिपणारे मायक्रोफोन १९७० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मायकेल गर्झन यांच्या संशोधनातून पुढे आले आणि आज तशी लहान यंत्रे एखाद्या महाविद्यालयालाही घेता येतील अशी आहेत. ऋणमोचनच्या पौषातील यात्रेत असे एक यंत्र मंचावर न ठेवता श्रोत्यांच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावे लागेल.