दाखल्यावरचे टक्के आणि बुडालेली कमाई

मुंबई-बंगळूर महामार्ग पुण्यात वारज्याच्या ऐन वस्तीतून जातो. एकीकडे भरधाव कंटेनर. दुसरीकडे सेवा रस्त्यावर शाळेच्या व्हॅन, माळवाडीतून कामावर निघालेले कारागीर आणि वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या. इथे कोणी जखमी झाला, की कायद्यापुढे दोन प्रश्न येतात: जबाबदार कोण, आणि भरपाई किती? पहिल्याची उत्तरे बऱ्यापैकी ठरलेली आहेत. जखमी माणूस नागवला जातो तो दुसऱ्यात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. तो दिसला की मालक जबाबदार होतो आणि पैसे विमा कंपनी भरते. ‘ब्रेक फेल झाला’ एवढ्याने सुटका होत नाही. 20 नोव्हेंबर 2022 रोजी याच रस्त्यावर, नवले पुलाजवळ एका ट्रकने कित्येक वाहनांना धडक दिली, तेव्हाही आधी ब्रेकचेच नाव पुढे आले. तपासात उतारावर इंजिन बंद ठेवल्याचा मुद्दा निघाला. मुंबईतल्या एका लॉरी-अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगून ठेवले आहे, की योग्य ती सगळी काळजी घेऊनही दोष लक्षात येण्यासारखा नव्हता, हे मालकाने सिद्ध करायचे. उलट जखमीचीही चूक असेल तर भरपाईत तेवढी कपात होते. मात्र त्या चुकीचा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो; दुचाकीवर तिघे होते एवढे पुरत नाही, हे 2020 च्या निकालाने स्पष्ट केले.

आता रक्कम. समजा, वारज्यातला 34 वर्षांचा रंगारी, महिन्याची कमाई 18,000 रुपये. पाय मोडला, आत रॉड बसला, गुडघा पुरता वाकत नाही. दाखल्यावर कायमचे अपंगत्व 25 टक्के. वर्षाची कमाई 2,16,000. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून भावी वाढीचे 40 टक्के धरले की 3,02,400. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘सरला वर्मा’ निकालातल्या (2009) तक्त्यात या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, 16; गुणाकार 48,38,400. त्याचे 25 टक्के म्हणजे 12,09,600.

आकडेमोड बिनचूक आहे आणि निष्कर्ष अन्यायाचा आहे. हा माणूस आता परांचीवर चढू शकत नाही, शिडीवर उभा राहू शकत नाही. हाताला येईल तेवढी भिंत रंगवायला त्याला कोण बोलावणार? त्याच न्यायालयाच्या ‘राजकुमार’ निकालाने (2010) नेमके हेच बजावले: शरीराचे अपंगत्व वेगळे, कमावण्याच्या ताकदीची हानी वेगळी. दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने ही हानी 70 टक्के मानली, तर तोच हिशेब 33,86,880 वर जातो. उपचार, बुडालेले रोज आणि वेदना यांची भरपाई याखेरीज. बैठे काम करणाऱ्या कारकुनाच्या बाबतीत तोच गुडघा कमाईला फारसा धक्का लावणार नाही.

हा फरक आपोआप कोणी धरत नाही. डॉक्टरने साक्षीत केवळ टक्के न सांगता कोणती हालचाल जमत नाही ते सांगायला हवे. कमाईचेही तसेच. रंगाऱ्याकडे पगारपत्रक नसते; मग किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरला जातो आणि पुढचा सगळा गुणाकार तिथेच आखडतो. ठेकेदाराची साक्ष, खात्यावर आलेल्या रकमा, मोबाइलवरून मिळालेले पैसे, ज्यांची घरे रंगवली त्यांचे जबाब, हे सारे पुरावेच आहेत. वकिलांनी याकडे दुर्लक्ष करणे मला अक्षम्य वाटते.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला 50,000 रुपये मिळतात. त्या रंगाऱ्याची ती तीन महिन्यांचीही कमाई नव्हे. खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये जखमींना 50,000 ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. रस्ता राखणाऱ्या यंत्रणेलाही हिशेबात ओढले गेले, हे मोठेच पाऊल. तरी गेलेल्या उपजीविकेच्या मानाने रक्कम अपुरी आहे.

1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. हाड जुळून अपंगत्वाचा दाखला हाती येईपर्यंत पुष्कळदा याहून जास्त काळ जातो. दावा आधी दाखल करावा; दाखला मागाहून जोडता येतो.