पुतळ्याची परवानगी, झाडाची परवानगी

वडील गेले त्या वर्षी आम्ही भावंडांनी गावातल्या सार्वजनिक बागेत त्यांच्या नावानं बकुळीचं रोप लावलं. अर्ज तोंडी, होकारही तोंडी. चार वर्षांनी बागेत फिरायला येणाऱ्यांसाठी फरसबंद वाट झाली आणि बकुळ गेली. विचारायला गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या गृहस्थांनी साधा प्रश्न केला, "लावलं होतं त्याचा कागद आहे का?" कागद नव्हता. त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. पण सार्वजनिक जागेत एखाद्याची आठवण कोणत्या नियमानं उभी राहते आणि कोणत्या नियमानं जाते, हे शोधायचा नाद मला तेव्हापासून लागला. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून अधिनियम, शासननिर्णय आणि जुनी पुस्तकं वाचत गेलो, त्यातून हाती लागलं ते इथं मांडतो.

या अभ्यासाला भायखळ्याच्या राणीच्या बागेइतकी सोयीची जागा नाही. तिथं पुतळे आणि झाडं शेजारी शेजारी उभी आहेत, आणि दोघांच्याही नशिबाचे फेरे पाहायला मिळतात. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेनं वसवलेली ही बाग १८६२ साली खुली झाली. त्या काळच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या नावाची ग्रीक धाटणीची एक वास्तू आजही बागेत आहे. बागेला नाव राणी व्हिक्टोरियाचं होतं. १८७३ साली बाग नगरपालिकेकडे आली. जिनं ती वसवली ती संस्था विसर्जित झाली, बाग राहिली. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण तो पुढं उपयोगी पडणार आहे.

राणीचा संगमरवरी पुतळा मात्र मुळात बागेत नव्हता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो दिला, मॅथ्यू नोबल या शिल्पकारानं घडवला आणि १८७२ साली तो कोट भागात बसवला गेला. त्या काळी पुतळा उभारायला तीन गोष्टी पुरत: दाता, मोक्याची जागा आणि सरकारची मर्जी. लोकांना कुणी विचारत नसे. लोकांनी आपलं मत वेगळ्या मार्गानं नोंदवलं. १८९६ साली चापेकर बंधूंनी याच पुतळ्याला डांबर फासलं. दुसरा प्रसिद्ध पुतळा काळ्या घोड्याचा. घोड्यावर युवराज एडवर्ड, शिल्पकार बोएम, दाते अल्बर्ट ससून, साल १८७९. स्वातंत्र्यानंतर या पुतळ्यांचं काय करायचं याला कोणताच नियम नव्हता. अखेर १९६५ साली काळा घोडा राणीच्या बागेत आला. इतरही काही ब्रिटिश पुतळे तिथंच पोचले. चौकाचं नाव मात्र घोड्याचंच राहिलं, आणि २०१७ साली तिथं नवा घोडा बसवला, स्वारावाचून.

म्हणजे नको झालेल्या पुतळ्यांना बागेनं आसरा दिला. बागेचं स्वतःचं नावही बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. या सगळ्या उलथापालथीत झाडांकडे कुणी बोट दाखवलं नाही. बागेतली उर्वशी घ्या. तिचं शास्त्रीय नाव ॲम्हर्स्टिया नोबिलिस. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी आणि कन्या यांच्या सन्मानार्थ ते दिलेलं आहे. अर्थानं पाहिलं तर तेही एका इंग्रज घराण्याचं स्मारकच. पण लोकांनी तिला उर्वशी म्हटलं आणि विषय संपवला. झाड आपल्यावरचं नाव सहज सोडून देतं, पुतळ्याला ते जमत नाही.

आता नियमांकडे वळू. महाराष्ट्रात पुतळा उभारायचा तर २०१७ च्या शासननिर्णयातली मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतात. जागेच्या मालकीचे कागद, स्थानिक संस्थेचा ठराव, कायदा-सुव्यवस्थेबाबत पोलिसांचं मत आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, एवढं सगळं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०१३ रोजी रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली, त्यामुळे वाट आणखी अरुंद झाली.

झाडाचं नेमकं उलट. लावायला कुणी हरकत घेत नाही, उलट फोटो काढतात. कायदा जागा होतो तो झाड तोडताना. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानं वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी नेमले. तोडण्यासाठी अर्ज, जागेवर पाहणी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, हरकती, आणि त्या झाडावरही नोटीस लावायची. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याचं बंधनही घातलं.

थोडक्यात, पुतळ्याला येताना परवानगी लागते आणि झाडाला जाताना. पुतळा कसा हलवावा, कुणाचं ऐकून हलवावा, याबद्दल समाजात एकमत नाही. म्हणून ते काम पुष्कळदा रात्री होतं. पुण्याच्या संभाजी उद्यानात १९६२ साली बसवलेला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा जानेवारी २०१७ मध्ये एका रात्रीत उखडून नदीत टाकला गेला. गडकऱ्यांच्या नाटकातल्या चित्रणाबद्दल आक्षेप होता. तो आक्षेप योग्य की अयोग्य, हा वाद इथं नाही. पण जाहीर सूचना, हरकती, सुनावणी हे सोपस्कार बागेतल्या एखाद्या गुलमोहराच्या वाट्याला येतात, ते त्या पुतळ्याच्या वाट्याला आले नाहीत.

झाडाच्या बाजूनं उणीव वेगळी आहे. वृक्षगणनेत झाडाची जात, घेर, उंची, प्रकृती नोंदवतात. ते कुणाच्या आठवणीसाठी लावलं, हे विचारत नाहीत. त्यामुळे लहानपणीच गेलेलं स्मृतिवृक्षाचं रोप कुठल्याच कागदावर मरत नाही. पुतळ्याच्या देखभालीची जबाबदारी अर्ज करणाऱ्या संस्थेवर टाकलेली असते. पण संस्थाच संपली तर? राणीची बाग वसवणारी संस्था अकरा वर्षांत संपली होती.

खेड तालुक्यातल्या राणमळा गावानं यावर आपला साधा मार्ग काढला. तिथं जन्माला, लग्नाला, मुलगी सासरी जाताना आणि माणूस गेल्यावरही झाड लावायची रीत आहे. मुलीच्या झाडांना 'माहेरची झाडी' म्हणतात, गेलेल्या माणसाच्या झाडाला 'स्मृतिवृक्ष'. झाड त्या त्या घराच्या हवाली असतं. लेक सासरी गेली तरी आईबाप तिच्या झाडाला पाणी घालतात. राज्य शासनानंही हा नमुना इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. त्याचं बळ माझ्या मते परवानगीत नाही, हवाली करण्यात आहे.

प्रत्येक नगरपालिकेच्या उद्यान विभागात एक स्मृतिनोंदवही असावी, एवढंच माझं मागणं आहे. त्यात पुतळा, शिल्प, बाक, झाड, सगळ्यांना एकच नियम असावा. काय लावलं, कुणासाठी लावलं, सांभाळणारा कोण, तो नसला तर पुढचा कोण, आणि हलवायची वेळ आली तर कुणाला आधी कळवायचं. पाच रकाने. चापेकरांच्या काळात असा कागद असता तर त्यांनी डांबराऐवजी हरकतीचा अर्ज केला असता, असं मी म्हणणार नाही. पण आजच्या माणसाला अर्जाची वाट तरी असावी.

यंदा मृगात आम्ही पुन्हा बकुळ लावली. या वेळी अर्ज लेखी आहे आणि पोचेवर शिक्का आहे. पाण्याची पाळी पुतण्याकडे दिली आहे.