गोठ्यातलं गॅरेज: राजदूत ते बीएस-६

आज पिकाची नोंद नाही, गाडीची आहे. पण आपल्याकडं मोटारसायकल हे औजारच झालंय, म्हणून तिला इथं जागा.

गेल्या आठवड्यात गोठ्याच्या माळ्यावर अण्णांची पत्र्याची पेटी सापडली. आत दोन-चार पाने, दाते झिजलेली पक्कड, हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, पॉलिश पेपर आणि तेल पिऊन पिवळं झालेलं एक कोरं पोस्टकार्ड. पोरगं म्हणालं, "पप्पा, ह्यावर तर काहीच लिहिलं नाही." लिहायला नव्हतंच ते. राजदूतचा पॉइंट सेट करायचं माप होतं.

नव्या पोरांसाठी सांगतो. जुन्या गाडीत प्लगला ठिणगी कधी मिळायची हे पॉइंट ठरवायचा. इंजिनाबरोबर कॅम फिरायचा, तो पॉइंट उघडायचा आणि कॉइलमधून ठिणगी पडायची. पॉइंटमधली फट ०.३ ते ०.४ मि.मी.च्या आसपास लागायची. धूळ बसली, झीज झाली की फट बदलली, मग मारा किका. फीलर गेज गावात कुणाकडं होतं? अण्णा पोस्टकार्ड सरकवून बघायचे, किंचित घट्ट गेलं की झालं. प्लगच्या फटीला ब्लेडचा तुकडा. ब्लेडची जाडी साधारण ०.६ मि.मी., आणि प्लगलाही जवळपास तेवढीच फट लागते.

हे शिकवलं कुणी? विहिरीवरच्या डिझेल इंजिनानं. आमच्या कृष्णाकाठी मोटारसायकल यायच्या आधी विहिरीवर इंजिन आलं होतं. रिंगा बदलणं, नोझल साफ करणं, व्हॉल्व्ह घासणं हे शेतकऱ्याच्या हातात बसलेलं होतं. त्यामुळं पोलंडच्या एसएचएल एम-११ च्या आराखड्यावरची, एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत दारात आली, तेव्हा तिच्या पोटात काय असणार याचा आमच्या माणसांना अंदाज होता. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा निघाली, पुढं १९७३ पासून तीच येझदी झाली. तिचा गिअरचा दांडाच वर फिरवून किक म्हणून वापरायचा, हे बघायला पोरं जमायची. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ ची. पुढं बजाजची एम-८० आली आणि दूधवाल्यांनी तिच्यावर जेवढं लादलं तेवढं बैलगाडीवरही लादलं नसेल!

बुलेट सोडली तर या सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, गाडीप्रमाणं लिटरला तीस-चाळीस मिली. कमी पडलं तर पिस्टन धरायचा, जास्त झालं तर प्लग काळा. प्लग काढून रंग बघणं म्हणजे पानाचा पिवळेपणा बघून नत्र कमी आहे का ओळखण्यासारखंच. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. काजळीनं काळा असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढराफटक असेल तर हवा जास्त, इंजिन तापतंय. वर्षातून एकदा सायलेन्सरची आतली नळी काढून पाचटाच्या जाळात टाकायची, काजळी जळून जायची. त्या दिवशी शेजारीपाजारी शिव्या द्यायचे.

पण जुनं ते सोनं म्हणायला मी बसलो नाही. १९८७ च्या उन्हाळ्यात राजदूत ओढ्याच्या चढावर बंद पडली. अण्णांनी पाऊण तास पॉइंट घासला. गाडी चालू झाली, पण संकलन बंद झालं होतं. चाळीस लिटर दूध घरी आणून नासवलं. त्या आठवड्याचं पेंडीचं बिल उधारीवर गेलं. अण्णांचं कसब खरंच होतं, पण निम्मं कसब गाडीच्या खोडीतून आलेलं होतं.

म्हणूनच हिरो होंडाची सीडी-१०० १९८५ ला आली आणि लोकांनी ती उचलून धरली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये तेल मिसळायची भानगड नाही. १९९४ ला स्प्लेंडर. पुढं पॉइंट जाऊन सीडीआय आली, पोस्टकार्ड पेटीत गेलं. धुराचे नियम १९९६ आणि २००० मध्ये कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक मागं पडल्या.

याच काळात, १९९४ ला, गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि औजाराची पट्टी बसवली. बुलेट सांती तिचं नाव. कोळपणी, पेरणी त्यावर होते. घरच्या दुरुस्तीची मजल कुठवर जाते ते बघा. (पण रस्त्यावरच्या गाडीत असे मूळ बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. शेतात चालवायचं वेगळं यंत्र करा, कागदाची गाडी तोडू नका.)

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आणि सेन्सर आले. पोराची गाडी ऐन तोडणीत बंद पडली, इंजिनाचा दिवा पेटलेला. मी हात टेकले होते. एका ठिकाणी फोन केला तर "गाडी ठेवून जा, चार दिवस लागतील." मग सवयीनं टॉर्च घेऊन वायर धरत धरत गेलो. टाकीखाली उंदरानं एक वायर कुरतडलेली! साल काढून जोडली, टेप मारली, गाडी चालू. दिवा दोन दिवसांनी आपोआप गेला. स्कॅनर आपल्याकडं नाही, पण डोळे अजून फुकट आहेत.

आता घरी मी जे करतो ते दुरुस्तीपेक्षा राखणच जास्त आहे. आपली गाडी शेतवाटेनं, कॅन लादून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालते. किलोमीटर कमी दिसतात, इंजिन मात्र ट्रॅक्टरसारखं राबतं. म्हणून ऑइल मी पुस्तकातल्या किलोमीटरच्या आधीच बदलतो, आणि डब्यावर जेएएसओ एमए लिहिलंय का बघतो. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं उरलेलं ओतलं तर तो घसरू शकतो. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर दर पंधरा दिवसांनी बघायचा. पाण्याचा जोराचा फवारा चेन आणि बेअरिंगवर मारायचा नाही, ग्रीस निघून जातं. चेन तपासायला पोराला लावलंय. ऑइलची तारीख तो फवारणीच्या वहीतच लिहितो.

पोस्टकार्ड पुसून पुन्हा पेटीत ठेवलं होतं. खालच्या वस्तीवर एक राजदूत अजून चालते. तिचा मालक परवा येऊन ते मागून घेऊन गेला. अजून परत आणलेलं नाही.