हुकलेली भाकितं कोण मोजतो?

फलज्योतिषाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘तुमचं विज्ञान काहीही म्हणो, आम्हाला अनुभव आलाय.’ असं म्हणणारा बहुधा खोटं बोलत नसतो. माझी आत्याही बोलत नव्हती. वडिलांची बदली होणार हे जोशीबुवांनी आठ महिने आधी सांगितलं होतं आणि ती झाली, हे तिने आम्हाला पन्नासदा तरी ऐकवलं असेल. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक वही सापडली. दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानावर, बुवा त्या दिवशी जे जे बोलले ते पेन्सिलीने उतरवलेलं. एकूण अकरा गोष्टी. बदली सातवी. धाकट्याला सरकारी नोकरी, चैत्रापासून गुडघ्यांना उतार, दोन वर्षांत स्वतःचं घर, यातलं काहीच झालं नाही. तिच्याच अक्षरातल्या त्या दहा ओळी तिने पुन्हा कधी उच्चारल्या नाहीत. आणि वडिलांच्या खात्यात दर तीन वर्षांनी बदली व्हायचीच.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे आपल्याला ठाऊक असतं. फांदी न मोडता कावळा किती वेळा बसून उडून गेला, ते कुणी मोजत नाही. अनुभवाचा दाखला इथेच लंगडा पडतो.

पण पूर्वपक्षाचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘तुम्ही तपासलंत कुठे? न तपासताच थोतांड म्हणता.’ ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. १९७५ साली १८६ शास्त्रज्ञांनी फलज्योतिषाविरुद्ध एक पत्रक काढलं. कार्ल सेगन यांनी त्यावर सही करायला नकार दिला. त्यांचा ज्योतिषावर विश्वास होता म्हणून नव्हे. पत्रकाचा अधिकारवाणीचा सूर त्यांना खटकला. मला सेगन बरोबर वाटतात. सह्यांची संख्या हा पुरावा नव्हे, मग त्या नोबेलवाल्यांच्या का असेनात.

म्हणूनच २००८ साली महाराष्ट्रात झालेली चाचणी मोलाची. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि एके काळी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. दोनशे पत्रिका: शंभर हुशार मुलांच्या, शंभर, तेव्हाच्या शब्दात, मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पाठवायच्या आणि त्याने एवढंच सांगायचं, की मूल हुशार की मतिमंद. अट अठ्ठावीस बरोबर येण्याची. नुसत्या अंदाजाने तिथवर पोचण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. एकावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांची उत्तरं आली. सर्वांत जास्त बरोबर: चोवीस. सगळ्यांची सरासरी विसापर्यंतही पोचली नाही. एका ज्योतिषसंस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. १०२ बरोबर आल्या.

चोवीस ऐकून काहींना वाटलं, त्या एकाला तरी काही येत असणार. सत्तावीस माणसांना चाळीस-चाळीस वेळा नाणं उडवून छापा की काटा ते ओळखायला लावा. चोवीस किंवा त्याहून जास्त बरोबर आलेले तीन-चार जण सहज निघतील. चाचणीत एकच निघाला.

मग म्हणे, चाचणी घेणारेच पूर्वग्रहदूषित! होतेच. दाभोलकरांचं मत गावाला माहीत होतं. पण कुठली पत्रिका कोणत्या मुलाची, हे उत्तरं तपासेपर्यंत ज्योतिषांना ठाऊक नव्हतं, तसंच घेणाऱ्यांनाही. मत कितीही कडवं असलं तरी ते घुसायला फटच ठेवली नव्हती. निःपक्षपाती माणूस शोधत बसण्यापेक्षा हे सोपं असतं.

‘जन्मवेळा चुकीच्या असतील’ हा आक्षेप तर बूमरँग आहे. आईबापांनी सांगितलेल्या वेळेवरच रोजचा धंदा चालतो, लग्नं त्याच वेळांवर जुळतात आणि मोडतात. तिथे पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही, आणि चाचणीत मात्र बिघडतं?

चाचणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण आमच्या बाजूचे लोक त्या गाळतात. चोवीस जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत; त्यांच्याविषयी काही बोलता येत नाही. प्रश्न एकच होता, बुद्धीचा. विवाह, आयुर्मान, धनयोग यांना ही चाचणी शिवलीही नाही. ‘विज्ञानाने ज्योतिष खोटं सिद्ध केलं’ असं व्यासपीठावरून ठोकून देणारा पुरोगामी वक्ता पुराव्यापेक्षा जास्त बोलतो, आणि नेमका हाच दोष आपण ज्योतिषांना लावतो. या चाचणीतून निघतं ते इतकंच: पत्रिकेवरून बुद्धी ओळखता येते हा दावा मांडला गेला, तपासला गेला आणि टिकला नाही.

उरतो शेवटचा बुरूज: शास्त्र खरं, ज्योतिषी कच्चे. असेलही. पण कच्चे कोण आणि पक्के कोण, हे गिऱ्हाइकाने कशावरून ओळखायचं? दारावरच्या पाटीवरून, की दक्षिणेच्या आकड्यावरून? एखादा खरोखर पक्का असेल तर त्याला शोधून काढायलाही पुन्हा त्याच चाळीस पत्रिका लागतील, आणि उत्तरं कुलपात ठेवणारा कुणीतरी.