बीएलओ फॉर्मच घेत नसेल तर? मतदार यादीतील नावासाठी कायदेशीर मार्ग

"साहेब नाहीत, उद्या या", "हे कागद चालणार नाहीत" असं ऐकून आपल्या मोहल्ल्यातले कित्येक लोक नाव न नोंदवताच परत येतात. पण नुसत्या तोंडी नकारावर अपील करता येत नाही. म्हणून आधी लेखी पुरावा हातात घ्या.

१) पोच : नव्या नावासाठी फॉर्म ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८. बीएलओने घेतला नाही तर फॉर्म ऑनलाइन भरा आणि संदर्भ क्रमांक जपून ठेवा, किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. तक्रारीसाठी हेल्पलाइन १९५० आहे.

२) अपील : अर्ज फेटाळला तर आदेशाची प्रत मागा. १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करता येतं. तिथंही नकार आला तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे दुसरं अपील.

३) नाव कापण्याची नोटीस आली तर : सुनावणीला जरूर हजर राहा. मतदार मयत नसेल तर बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय अशी कारवाई करता येत नाही. लाल बाबू हुसेन प्रकरणात (१९९५) सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की, आधीच्या यादीत नाव असेल तर ते रीतसर तपासूनच घातलं होतं असं धरून चालावं लागेल. म्हणून जुन्या यादीतील आपल्या नावाची प्रत काढून ठेवा.

४) अधिकाऱ्यावर कारवाई : लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३२ नुसार, योग्य कारणाशिवाय यादीचं काम टाळणाऱ्याला किमान ३ महिने, कमाल २ वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. मात्र हा खटला आपल्याला थेट दाखल करता येत नाही. तक्रार निवडणूक आयोग किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशानेच होते. म्हणून लेखी तक्रार त्यांच्याकडेच पाठवा.

५) हायकोर्ट : अर्ज पडूनच राहिला तर अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. निवडणूक जाहीर झाल्यावर कोर्ट सहसा हात घालत नाही.

उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. त्यामुळे घरातल्या सगळ्यांची नावं आजच तपासा, लग्न होऊन आलेल्या सुनांची आणि १८ पूर्ण झालेल्या मुलामुलींची तर आधी.