शरीरप्रतिमा, शब्द आणि समाजमाध्यमे : कुमारवयीन मुलींच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

समाजमाध्यमांच्या उपयोगाने कुमारवयीन मुलींची स्वतःच्या शरीराविषयीची दृष्टी सुधारता येईल काय, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. तथापि या दिशेने आजवर झालेल्या प्रयत्नांचा क्रम लावून पाहिला असता, त्यांतील बरेचसे प्रयत्न शब्दांच्या द्वारे झाले असल्याचे आढळते. कोणता शब्द निषिद्ध ठरवावा, कोणता नव्याने रूढ करावा, कोणता हिणवणारा शब्द अभिमानाने धारण करावा, यांवरच पुष्कळसा झगडा झाला. म्हणून त्याचा इतिहास भाषेच्या अभ्यासकासही अगत्याचा आहे. हा विषय केवळ पांडित्याचा नव्हे. अन्न वर्ज्य करण्याकडे नेणारा 'अ‍ॅनोरेक्सिया' हा मानसिक विकारांमध्ये अत्यधिक मृत्युप्रमाण असलेला विकार असून तो बहुधा कुमारवयातच डोके वर काढतो.

'शरीरप्रतिमा' ही संज्ञा मराठीत इंग्रजीवरून आली. तिचा पद्धतशीर विचार व्हिएन्नात जन्मलेल्या व पुढे न्यूयॉर्क येथे स्थायिक झालेल्या पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञाने १९३५ च्या आपल्या ग्रंथात केला. मनुष्याच्या मनातील स्वतःच्या देहाचे चित्र केवळ इंद्रियसंवेदनांनी बनत नाही. इतरांच्या नजरेचा व वागणुकीचाही त्यात वाटा असतो, हे त्याचे प्रतिपादन होते. ज्या माध्यमात इतरांची नजर मोजता येते आणि पसंतीचा आकडा छायाचित्राखाली उमटतो, त्या माध्यमाच्या संदर्भात या प्रतिपादनाला निराळेच महत्त्व प्राप्त होते.

शब्दांच्या झगड्याचा आरंभ मात्र समाजमाध्यमांच्या बराच आधीचा आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत स्थूल व्यक्तींच्या हक्कांसाठी एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'फॅट अंडरग्राउंड' या गटातील दोघींनी स्थूलांच्या मुक्तीचा जाहीरनामा लिहिला. या गटाने वैद्यकातील सौम्य संज्ञा नाकारून 'फॅट' हा बोचरा शब्दच आपला म्हणून स्वीकारला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात कॉनी सोबचॅक व एलिझाबेथ स्कॉट यांनी 'द बॉडी पॉझिटिव्ह' ही संस्था काढली. इन्स्टाग्राम २०१० च्या ऑक्टोबरात सुरू झाले. त्यानंतरच्या दशकात 'बॉडी पॉझिटिव्ह' हे शब्द हॅशटॅगच्या रूपाने जगभर फिरले. मात्र त्या प्रवासात हक्कांची मूळ मागणी बरीच मागे पडली आणि स्वतःवर प्रेम करण्याचा उपदेश पुढे आला.

या इतिहासात २०१२ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्या एकाच वर्षी दोन भिन्न मार्ग अवलंबिले गेले. पहिला मार्ग निषेधाचा. फेब्रुवारीत टंब्लरने आणि एप्रिलमध्ये इन्स्टाग्रामने अतिकृशतेचा व उपासमारीचा गौरव करणाऱ्या मजकुरावर निर्बंध घातले. इन्स्टाग्रामवर 'थिन्स्पिरेशन'सारखे काही हॅशटॅग शोधूनही सापडेनासे झाले. याचा परिणाम काय झाला, हे जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून कळते. सुमारे २५ लाख नोंदी तपासल्यावर त्यांना असे दिसले, की निषिद्ध शब्द नाहीसे झाले नाहीत, त्यांची वर्णरचना तेवढी बदलली. एखादे अक्षर दुप्पट झाले, एखादे गळाले, एखाद्या स्वराच्या जागी दुसरा आला. आणि कालांतराने ही रूपे अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. शिवाय ही बदललेली रूपे वापरणाऱ्या गटांत सहभाग व परस्परांस उत्तेजन ही दोन्ही अधिक आढळली. निषिद्ध शब्दाला पर्याय निर्माण होणे ही भाषाशास्त्राला परिचित अशीच घटना होय. निषेधाने अर्थ मरत नाही. आणि येथे तर नवे रूप जाणणाऱ्यांची जवळीक वाढली.

दुसरा मार्ग मागणीचा. त्याच वर्षीच्या वसंतात अमेरिकेतील मेन राज्यातल्या एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीने मुलींसाठी निघणाऱ्या 'सेव्हन्टीन' या मासिकाकडे एक अर्ज केला. प्रत्येक अंकात निदान एक छायाचित्रमालिका कोणताही फेरफार न करता छापावी, एवढीच तिची मागणी होती. महाजालाद्वारे त्या अर्जावर ८४ हजारांहून अधिक सह्या जमल्या आणि न्यूयॉर्क येथे मुलींनी निदर्शनेही केली. ऑगस्टच्या अंकात मासिकाने मुलींच्या शरीराचा वा चेहऱ्याचा आकार न बदलण्याचे जाहीर अभिवचन दिले. येथे माध्यम हे आरसा म्हणून नव्हे, तर व्यासपीठ म्हणून वापरले गेले. मुलीने आपले रूप लोकांपुढे ठेवून त्यावर अभिप्राय मागितला नाही; रूपाची प्रतिमा घडविणाऱ्यास तिने जाब विचारला. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म या भेदात आहे.

नंतरच्या प्रायोगिक संशोधनाने या भेदाला काहीसे बळ दिले आहे. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात (२०१९) १८ ते ३० वयाच्या १९५ स्त्रियांपैकी काहींना शरीराचा सकारात्मक स्वीकार करणारी चित्रे, काहींना कृश आदर्शाची व उरलेल्यांना रूपाशी संबंध नसलेली चित्रे दाखविली. पहिल्या गटाची मनःस्थिती व शरीराविषयीचे समाधान सुधारले, ही आशादायक गोष्ट होय. परंतु स्वतःकडे पाहण्याची वस्तू म्हणून बघण्याची वृत्ती पहिल्या दोन्ही गटांत तटस्थ गटापेक्षा अधिक आढळली. स्तुती झाली तरी विषय रूपाचाच राहिला. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात फेसबुकचे अंतर्गत अहवाल उघड झाले. शरीराविषयी आधीच असमाधानी असलेल्या मुलींपैकी सुमारे एकतृतीयांश मुलींना इन्स्टाग्राममुळे अधिक वाईट वाटते, असे कंपनीच्याच पाहणीत निघाले होते. कॅनडातील एका प्रयोगात (२०२३) चिंता वा नैराश्याची लक्षणे असलेल्या, १७ ते २५ वयाच्या २२० विद्यार्थ्यांपैकी एका गटाने तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला एका तासावर आणला. त्या गटाचे आपल्या रूपाविषयीचे व वजनाविषयीचे मत सुधारले. दोन्ही प्रयोगांतील व्यक्ती बहुतांशी कुमारवय ओलांडलेल्या होत्या. म्हणून त्यांचे निष्कर्ष शाळकरी मुलींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न जाडेपणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वर्णाचा आहे. 'डार्क इज ब्युटिफुल' ही चळवळ २००९ मध्ये चेन्नईत सुरू झाली. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेतील एका भारतीय स्त्रीच्या अर्जानंतर एका विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. त्याच सुमारास १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. पहिल्या घटनेत एक साधन नाहीसे झाले. दुसऱ्या घटनेत शब्द बदलला, मलम राहिले. मराठी वाचकास या नामांतराची गंमत चटकन कळावी, कारण 'उजळ' या आपल्या एका शब्दात 'तेजस्वी' व 'गोरा' हे दोन्ही अर्थ पूर्वीपासून एकत्र नांदत आहेत. 'सावळा' या शब्दाचे उदाहरणही बोलके आहे. विठ्ठलाच्या संदर्भात तो परम प्रेमाचा शब्द. पण तोच 'सावळी' होऊन स्थळाच्या माहितीत आला, की त्याची उणीव होते व ती 'नाकीडोळी नीटस' अशा पुस्तीने भरून काढावी लागते.

या इतिहासावरून समाजमाध्यमे सर्वस्वी त्याज्य ठरत नाहीत. मुलींना आपले एकटेपणाचे दुःख सामायिक असल्याचे कळणे आणि त्यातून सामुदायिक मागणी उभी राहणे, हे कार्य त्यांनी केले आहे. परंतु एखादा शब्द बाद करून वा गोड शब्द रूढ करून दृष्टी पालटेल, ही अपेक्षा इतिहासास धरून नाही. शिक्षकांनी मुलींना 'तू सुंदर आहेस' असा दिलासा देण्यापेक्षा, हे चित्र कोणी, कशासाठी व कोणते फेरफार करून पुढे ठेवले, हे विचारण्याची सवय लावणे अधिक फलदायी ठरावे.

या कामी भाषाविभागांसही वाटा उचलता येईल. मराठी मुली परस्परांच्या छायाचित्रांखाली कोणती विशेषणे लिहितात, त्यांत घरातून आलेली किती व इंग्रजीतून आलेली किती, कौतुकाचा शब्द कोणत्या ठिकाणी टोमणा होतो, यांचा संग्रह मुलींची नावे गुप्त राखून व त्यांची संमती घेऊन करता येण्याजोगा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय हाती घेतल्यास त्याचा उपयोग शाळांतील समुपदेशकांस होईल.